आधी हवा, मग रंग

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

हात थरथरत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आज कागदावर जे उमटलंय ते पाहून कुणालाही वाटेल, गिरीशरावांचा हात गेला. हात ठीक आहे. अक्कल कमी पडतेय.

एअरब्रश काल आला. जाड पेनाएवढं यंत्र. वर रंगाची एवढीशी वाटी, मागून कॉम्प्रेसरची नळी, तर्जनीखाली एक खटका. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. बस्स, एवढंच! एकतीस वर्षं सिलिकॉनच्या चकत्यांवर केसाच्या हजाराव्या हिश्शाइतके पातळ थर दिले मी, आणि इथे वहीच्या कागदावर एक सरळ रेघ येईना. पहिल्या दाबात काळं डबकं. हवेने त्या डबक्याला पाय फुटले. कोळी! तासाभरात सतरा कोळी काढले.

हे कशासाठी चाललंय ते कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो.

जुलैत एसी बंद पडला तेव्हा मेकॅनिकला मिहीरच्या खोलीतलं कपाट रिकामं करून हवं होतं, माळ्यावर चढायची वाट त्यातूनच आहे. मिहीर म्हणजे आमचा एकुलता एक, चौतीस वर्षांचा, इथून विमानाने तीन तासांवर बेलव्ह्यूला असतो. कपाटात अगदी मागे माझ्या बायकोच्या, सुहासच्या, सँडलचा खोका सापडला. सुहास जाऊन अडीच वर्षं झाली, तिच्या वस्तू अजून अशा कुठूनही निघतात. म्हटलं, सँडल कुणाला तरी देऊन टाकू. उघडला तर आत मलमलच्या तुकड्यांत गुंडाळलेले बारा शिपाई. अंगठ्याच्या पेराएवढा एकेक. शिरस्त्राण, ढाल, पाठीवर झगा. सात अर्धेमुर्धे रंगवलेले, पाच नुसते करडं प्लास्टिक. सोबत एक बारीक ब्रश, दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला.

मिहीर सोळा वर्षांचा असताना असल्या शिपायांचं वेड होतं त्याला. एक अख्खी सुट्टी त्याने त्यात घातली. मी म्हणालो होतो, बाहुल्या रंगवून कॉलेज मिळत नाही. आणि तो स्विमिंगला गेलेला असताना गराज सेलमध्ये, घरातलं जुनं सामान विकताना, त्याची सगळी पलटण एका पिकअपवाल्याला देऊन टाकली. घरी आला, रिकामं टेबल बघितलं, ओला टॉवेल वाळत घातला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझ्या वाट्याला फक्त ‘ओके बाबा’. आईशी मात्र तासन्‌तास बोलायचा.

म्हणजे हे बारा त्याने तेव्हा लपवून वाचवले असणार. हाताला लागेल तो खोका उचलला असेल आईचा.

तर ठरलंय असं: बाराच्या बारा नीट पुरे करायचे, चांगल्या दुकानात दिसतात तसे. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मिहीर आला की त्याच्या हातात ठेवायचे. वर्षश्राद्धानंतर तो घरी आलेला नाही. येईल की नाही माहीत नाही. पण माझी तयारी हवी.

तीन वाजले. रविवारचे तीन मला खायला उठतात. सुहास दर रविवारी तीन ते साडेचार मिहीरच्या खोलीत दार लावून तिच्या ऑनलाइन स्तोत्र-ग्रुपला बसायची. मी चहा करून दाराबाहेर स्टुलावर ठेवायचो, टकटक करायचो आणि निघून यायचो. आजही दोन कप पाणी टाकलं गेलं.

२७ ऑगस्ट

गणपती बसवले. आरती एकट्याने म्हणताना टाळ्या वाजवायची लाज वाटते, हे तिच्यामागे कळलं. हळूच वाजवल्या.

३१ ऑगस्ट, रविवार

मंडळाचा गणपती, शाळेच्या हॉलमध्ये. सगळे प्रेमाने विचारतात, ‘काका, जेवलात का?’ हो म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. ताट घेऊन खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसलो.

पण एक लाभ झाला. केक! जास्वंदीच्या फुलाचा केक, आणि पाकळी कडेला गडद, आत फिकी होत गेलेली. मी चष्मा काढून पाचेक मिनिटं बघत उभा. ब्रशने असं होत नाही. करणारी निघाली प्रीता, रवीची मुलगी. रवी माझा जुना सहकारी, आता मुलाकडे जर्सी सिटीला राहतो. ही दातांची डॉक्टर झाली, चार वर्षं दात पाहिले आणि मग सगळं सोडून घरून केक करायला लागली. रवी तेव्हा तोंड पाडून आमच्याकडे बसला होता. त्याच्या सुरात सूर मी मिळवला होता, हे मला आठवलं. तिला कुठे माहीत!

विचारलं, एअरब्रशने केलंस? ती उडालीच. म्हणाली शनिवारी या, दाखवते.

६ सप्टेंबर

प्रीताचं किचन. ओट्यावर टर्नटेबल, भिंतीला बेकिंग पेपर चिकटवलेला. मला आधी बोलू दिलं. मी दाब किती, आतल्या सुईचा व्यास किती, रंगाची घनता किती असं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काका, आता हे सगळं विसरा आणि ठिपके काढा.’

मी खटका एकदम मागे ओढतो, ही माझी खोड. तिचं म्हणणं असं की हवा आधी सुरू करायची आणि ती सुरूच ठेवायची. मग रंग अगदी हळू आणायचा. थांबताना आधी रंग बंद, हवा शेवटी. हवा आधी तोडली की सुईच्या टोकाला थेंब राहतो आणि पुढच्या वेळी तोच थुंकतो. तिने हे माझ्या बोटावर बोट ठेवून शिकवलं. माझ्या हाताला कुणी हात लावला त्याला किती दिवस झाले, हिशेब केला नाही.

रंग किती पातळ? मी आकड्याची वाट बघत होतो. ती म्हणाली, ताकासारखा. तिची आजी ताक करायची तसा, मंडळात मिळतं तसा नाही.

निघताना विचारलं तिने, कशासाठी शिकताय? म्हटलं, वेळ जात नाही. ते खोटंही नाही.

९ सप्टेंबर

तीनशे ठिपके. गोल म्हणावेत असे एकोणचाळीस.

१४ सप्टेंबर, रविवार

मिहीरचा फोन. चार मिनिटं. तब्येत, गोळ्या, गाडीचं ऑइल. मागे कॉम्प्रेसर घुरघुरत होता. कसला आवाज, विचारलं त्याने. फ्रिज म्हणालो. तर म्हणे, नवीन घ्या बाबा, हा जाणार आहे. बरं म्हटलं.

फोन ठेवल्यावर पाच ओळी ठिपके काढले. ओळ सरळ येतेय. कुणाला दाखवू?

१९ सप्टेंबर

गराजमध्ये एकशे सहा डिग्री फॅरनहाइट. आमच्या चँडलरच्या वाळवंटी, कोरड्या हवेत रंग सुईच्या टोकावरच वाळतो, फवारा अर्ध्यात बंद पडतो. पुसा, पुन्हा चालू करा, पुन्हा बंद. प्रीताला फोन केला तर म्हणाली, घरात या ना काका, कुणी रागावणार आहे का तुम्हाला?

नाहीच की कुणी. मिहीरच्या खोलीतलंच टेबल खिडकीशी ओढलं, पंखा बाहेर तोंड करून लावला. या खोलीत इतकी वर्षं मी बसलोच नव्हतो. टेबलाच्या कडेवर हिरव्या रंगाचे दोन थेंब वाळलेले सापडले. पोराचे असतील. पुसले नाहीत.

२३ सप्टेंबर

कालपासून नवरात्र. घट मी बसवत नाही, मला जमत नाही. दिवा लावला.

आज मोठं काम उरकलं. शिपाई हातात घेऊन भिंगाखाली नीट तपासले. करडे पाच ठीक, कोरे आहेत. पण ते सात रंगवलेले! थर जाड, ठिकठिकाणी ब्रशचे केस अडकलेले, डोळे तिरळे. एकाला तर भिवया भुंग्यासारख्या. सोळा वर्षांच्या पोराकडून आणखी काय अपेक्षा करणार. फक्त झग्याची कड तेवढी पाहण्यासारखी. गर्द हिरवा झगा आणि त्याला लाल काठ, काठात केसाएवढ्या पिवळ्या रेघा. चक्क इरकली! आईच्या साड्या बघून काढलेला दिसतोय. सुहास सोलापूरची, तिच्या कपाटात निम्म्या इरकलीच. रोमन शिपाई आणि पाठीवर सोलापूर. हसू आलं.

पण अशा जाड थरावर एअरब्रश चालवून उपयोग नाही. खालचा थर खराब असला तर वर कितीही चांगलं द्या, फुकट. आमच्या फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, याचं उत्तर एकच होतं: धुऊन काढा, पुन्हा कोट करा. त्यात भावना आणायच्या नसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बरणीत सहा जण तासभर बुडवले आणि जुन्या टूथब्रशने घासले. हिरवं पाणी झालं. सगळे स्वच्छ, करडे, कोरे. फार समाधान वाटलं, खरं सांगायचं तर.

सातवा ठेवला तसाच. कंट्रोल सँपल. प्रत्येक लॉटमधली एक चकती हात न लावता ठेवायची, म्हणजे नंतर काय सुधारलं ते दाखवता येतं. सवय जात नाही. बाटलीच्या बुचावर चिकटवून फळीवर ठेवला.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. वडील सांगलीला वर्कशॉपमध्ये लेथला झेंडूचा हार घालायचे, हळदकुंकू वाहायचे, त्या दिवशी मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. इथे आल्यावर मी कधी कॅल्क्युलेटरची, कधी लॅपटॉपची पूजा केली. पूजेचं तबक सुहास तयार करायची, मी फक्त अक्षता टाकायचो.

या वर्षी एअरब्रश! पाटावर मांडला, शेजारी कॉम्प्रेसर. सगळं केलं. हळद, कुंकू, अक्षता, फूल. साखरेचा नैवेद्य. फोटो काढला आणि कुणाला पाठवावा हे सुचेना, म्हणून पाठवला नाही.

३ ऑक्टोबर

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! शिपाई पांढऱ्या बेसने छान झाकले होते, नवमीच्या आधीपासून वाळत होते. पहिला निळा थर द्यायला खटका दाबला — थुः! निळ्याबरोबर लाल-पिवळा चिखल एका शिपायाच्या थेट तोंडावर. मग फवारा बंदच. खोलून बघतो तर नोझलमध्ये कुंकू. नवमीला मी कुंकू वाहिलं ते उघड्या वाटीत पडलं होतं!

प्रीताकडे घेऊन गेलो. ती खुर्चीत बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मीही हसलो. किती महिन्यांनी आवाज करून हसलो असेन. तिने सुई काढली, नोझल गरम पाण्यात टाकलं, म्हणाली, ‘काका, तुम्हाला देव पावला असेल ना, मला मात्र तासभर लागणार.’ चहा झाला. निघताना सुहासची आठवण काढली तिने. म्हणाली, ‘काकू फार गोड होत्या, मला एकदा फोन करून विचारलं होतं त्यांनी, खाण्याचा सोनेरी रंग प्लास्टिकवर टिकतो का म्हणून.’ मी तिला म्हटलं, कसल्या तरी आरासीसाठी असेल.

तो शिपाई धुतला. दुसऱ्यांदा.

१२ ऑक्टोबर, रविवार

एक झाला! झगा खाली गडद निळा, खांद्याकडे फिका होत गेलेला, मध्ये कुठे रेघ नाही, डाग नाही. हवा दिली, रंग आणला, रंग थांबवला, हवा थांबवली. बोटाला कळलं, डोक्याने लुडबुड केली नाही. टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो.

तीनला चहा केला. एकच कप.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. प्रीताने फराळाचा डबा आणून दिला. पणत्या दारात चार.

आणि मिहीरचा फोन — अकरा मिनिटं! थँक्सगिव्हिंगला येतोय! तिकीट काढलंय! शेवटी जरा थांबून म्हणाला, ‘बाबा, माझ्या कपाटात एक खोका आहे, आईच्या सँडलचा. टाकू नका, ओके? मी घेऊन जाईन.’

माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, नाही टाकत रे. आठवण आहे पोराला! अठरा वर्षांनीसुद्धा! मी स्वयंपाकघरात दोन येरझाऱ्या घातल्या आणि एक अख्खा लाडू खाल्ला, साखर गेली खड्ड्यात.

२ नोव्हेंबर, रविवार

पाच झाले. सुई एकदा वाकली, नवी मागवली. नोझल एकदा गालिच्यात पडलं, तांदळाच्या दाण्याहून लहान. पाऊण तास रांगत होतो. सुहास असती तर तिने पाच मिनिटांत शोधलं असतं आणि मला आठवडाभर ऐकवलं असतं.

९ नोव्हेंबर

आठ.

१६ नोव्हेंबर, रविवार

अकरा पूर्ण. एका रांगेत उभे केले. एकसारखे, गुळगुळीत, निळे झगे, ढालींवर चमक. लॉट पास!

बारावा म्हणजे कंट्रोल सँपल. शेजारी ठेवून बघितला. वेंधळा दिसतो बिचारा. तिरळा, भुंग्याच्या भिवयांचा. पण त्याच्या झग्याचा तो काठ... मला तसा काठ माझ्या एखाद्या शिपायाला हवा होता. चिकटपट्टी लावून फवारला, कड फाटली. अगदी जवळून, अगदी कमी रंगाने प्रयत्न केला, तर रेघ धुरकट. चार दिवस झटलो. हवेने काठ निघत नाही. तो हातानेच काढावा लागतो, आणि श्वास धरून. सोळा वर्षांच्या मिहीरकडे एवढा धीर कुठून आला?

बारावा असाच राहू दे. मिहीरला दाखवीन, आधी आणि नंतर.

२६ नोव्हेंबर

मिहीर आला. विमानतळावर मिठी मारली त्याने, बाजूने, एका हाताने. कानशिलावर दोन पांढरे केस दिसले. घरी येऊन वरण-भात, तूप, लिंबू. त्याने दोनदा घेतला. झोपायला गेस्ट रूम दिली, म्हटलं तुझ्या खोलीत माझं जरा काम चाललंय. उद्या दाखवतो. भुवया उंचावल्या, पण हसला.

दारापाशी थांबून मी दिवा घालवला. घरात दुसरं माणूस श्वास घेतंय, याने झोप येईना.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

लिहायलाच हवं. सगळं, क्रमाने.

सकाळी चहा झाल्यावर त्याला खोलीत नेलं. टेबलावर ट्रे, त्यावर रुमाल. रुमाल काढला. त्याने वाकून बघितलं, एक उचलला, उजेडात धरला. म्हणाला, बाबा, तुम्ही? तुम्ही एअरब्रश शिकलात? आणि हसला, खरं हसला, सोळाव्या वर्षाआधीचा मिहीर हसायचा तसं. मी म्हणालो की तुझे तेव्हा दिले ते काही परत आणता येत नाहीत, पण तू वाचवलेले हे तरी पुरे केलेत. मोजून दहा सेकंद. तेवढे दहा सेकंद माझे.

मग त्याची नजर फळीवर गेली. बुचावरच्या बाराव्याकडे. तो उचलला नाही त्याने. ट्रेकडे बघितलं, परत फळीकडे.

‘बाबा, बाकीचे कुठे आहेत?’

हेच की, मी म्हणालो. नीट धुऊन घेतले आधी.

‘ते माझे नव्हते. ते आईने केले होते.’

मला आधी वाक्यच कळलं नाही. तो इंग्रजीत बोलायला लागला, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. त्याच्याकडचं गराज सेलमधून काहीच वाचलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये सुहासने त्याला विचारलं, तू ते काय रंगवायचास ते मला शिकवतोस का. त्याने पोस्टाने शिपाई पाठवले, रंग पाठवले. दर रविवारी तीन ते साडेचार. व्हिडिओवर. तो तिकडे एक रंगवायचा, ती इकडे एक. अडीच वर्षं. आजारी पडली तरी. स्तोत्रांचा ग्रुप वगैरे काही नव्हताच.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं तिने?

मिहीर खिडकीकडे बघत बोलला. ती म्हणायची, हे हसतील. म्हणून सांगायची नाही. पण दार तिने कधी लॉक केलं नाही. चहा ठेवल्याची टकटक झाली की ती ब्रश खाली ठेवायची, थांबायची. ‘म्हणायची, बघ हं, आज आत येतील.’

मी यायचो नाही. मी कप ठेवून जायचो.

त्याने विचारलं, किती धुतले? सहा, म्हटलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, ‘पुन्हा, बाबा?’ एवढंच. आवाज चढवला नाही. गाडीची किल्ली घेतली आणि गेला.

दोन तास मी त्या टेबलाशी होतो. लाल दोऱ्याचा तो ब्रश कपात उभा होता. तिच्या कात्रीच्या दांडीला असाच लाल दोरा गुंडाळलेला आहे. ती कात्री मी रोज टपालाची पाकिटं फोडायला हातात घेतो. प्रीताने सोनेरी रंगाचं सांगितलं, तेही ऐकलं होतं. टेबलावर हिरवे थेंब होते. इरकली काठ डोळ्यांनी पाहिला, नाव घेऊन ओळखला, आणि वर घासून काढला. एकेचाळीस वर्षं संसार केला मी त्या बाईबरोबर! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. मी अठरा वर्षांपूर्वी पोळलो आणि या वेळीही फुंकर मारली नाही.

हिरवं पाणी कुठे ओतलं ते आठवलं. लाँड्रीच्या सिंकमध्ये. जाऊन उभा राहिलो तिथे. कशाला, कोण जाणे.

तो परतला. जेवलो, काय ते आठवत नाही. झोपायच्या आधी गेस्ट रूमच्या दारात गेलो. दार अर्धं उघडं होतं. टकटक केली, आणि या वेळी आत गेलो. म्हणालो, ‘मिहीर, माझं चुकलं. दोन्ही वेळा.’

‘ओके बाबा’ म्हणाला नाही. मी थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसलो, मग उठलो.

२८ नोव्हेंबर

तो दिवसभर आईच्या कपाटाशी. दोन इरकली बाजूला काढल्या त्याने. मी चहा आत नेऊन दिला.

२९ नोव्हेंबर

विमानतळावर सोडलं. उतरताना म्हणाला, फ्रिज नवा घ्यायचा नाहीये ना? मी नाही म्हणालो. त्याने बॅग उचलली.

घरी येऊन फळीकडे बघितलं. बूच आहे, बारावा नाही. नेला त्याने. न्यायलाच हवा होता, त्याच्यापाशी नीट राहील. माझ्याकडे अकरा आहेत, गुळगुळीत, एकसारखे, कुणाचेही नसलेले.

कॉम्प्रेसरची वायर गुंडाळून ठेवली.

३० नोव्हेंबर, रविवार

तीन वाजता मिहीरच्या खोलीत चहा घेऊन बसलो होतो. फोन वाजला. व्हिडिओ. मिहीर होता, समोर टेबल, रंगाच्या बाटल्या, आणि हातात तो बारावा. कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला की काठातल्या पिवळ्या रेघा मोजता आल्या. तीन आहेत.

म्हणाला, ‘एअरब्रश नको आज. आईचा ब्रश घ्या, आणि एक निळा शिपाई. काठ कसा काढायचा ते मला तिनेच शिकवलंय.’

मी उठून आधी खोलीचं दार सताड उघडं केलं. मग ब्रश घेतला.